बनेश्वराची घंटा आणि केसाहून बारीक तार

पुण्याहून साताऱ्याच्या वाटेला लागलेल्या प्रवाशास नसरापूर हे नाव ठाऊक असते, गाव मात्र ठाऊक नसते. कात्रजचा डोंगर ओलांडून खेड-शिवापूर मागे पडले, की थोड्याच वेळात चेलाडीचा फाटा येतो. तेथे चहाच्या टपऱ्या, प्रवाशांची वाट पाहत उभ्या असलेल्या जीपगाड्या आणि पाठीवर बोजे घेतलेले तरुण एवढे दृष्टीस पडते न पडते, तोच आपली गाडी पुढे निघून गेलेली असते. ज्यांस राजगड-तोरण्याचा ध्यास लागलेला असतो, ते येथून पश्चिमेस वळतात खरे. परंतु त्यांचीही दृष्टी डोंगराच्या रेषेवर खिळलेली असल्यामुळे नसरापूर म्हणजे वेल्ह्याच्या वाटेवरील एक बाजारपेठ, यापलीकडे त्यांच्या मनात त्या गावाची नोंद होत नाही. वस्तुतः पुण्यापासून अवघ्या ३५-३६ किलोमीटरांवर असलेले हे गाव दोन दिवस मुक्काम करून पाहण्याजोगे आहे.

गेल्या श्रावणात आम्ही तसे दोन दिवस तेथे काढले. आमचे एक बालमित्र, ज्यांस सारे अण्णा म्हणतात, सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर नसरापुरास आपल्या वडिलोपार्जित घरी जाऊन राहिले आहेत. श्रावणी सोमवारी बनेश्वराच्या दर्शनास यावे, असा त्यांचा आग्रह पुष्कळ वर्षांचा होता. या खेपेच्या पत्रात मात्र दर्शनाखेरीज आणखी एक ओळ होती: “नातवास चार शब्द सांगावयाचे आहेत, तुमचे तो ऐकेल.” शिक्षकाचा पेशा सुटला तरी चार शब्द सांगण्याचे काम काही सुटत नाही, असे मनाशी म्हणत आम्ही स्वारगेटहून गाडी पकडली.

नसरापूर हे पूर्वी भोर संस्थानात मोडत असे. पंतसचिवांचे हे संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. तथापि गावातील वृद्धांच्या बोलण्यात ‘संस्थानाच्या वेळी’ हा शब्दप्रयोग अद्यापि येतो, आणि तो ऐकताना बोलणाऱ्याचे वय पाहून आपण मनात वजाबाकी करू लागतो. गावापासून सुमारे २ किलोमीटरांवर, शिवगंगा नदीच्या काठी, गर्द झाडीत बनेश्वर आहे. देवाचे नावच वनावरून पडलेले. बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे यांनी हे देवालय बांधविले व ते १७४९ साली पुरे झाले. देवालयाच्या आवारात पाण्याची कुंडे आहेत, त्यांत मासे निर्भयपणे फिरतात. मागील बाजूस नदी खडकांवरून उड्या घेत जाते. पावसाळ्यात तिचा आवाज गाभाऱ्यापर्यंत येतो. सभोवतालचे वन राखीव असल्यामुळे पक्षी पुष्कळ. सोमवारची गर्दी, भिजलेल्या फरशीवरील बेलपानांचा चिखल आणि ओल्या वस्त्रांचा वास या सर्वांच्या वरती एखाद्या हळद्याची शीळ ऐकू आली, म्हणजे मन क्षणभर गर्दीतून सुटते.

या देवळातील घंटा प्रत्येकाने नीट पाहिली पाहिजे. तिच्यावर क्रूस कोरलेला आहे आणि १६८३ हा सनही आहे. शिवालयात क्रूस कोठून आला, असे लहान मुले विचारतात, आणि त्यांचे आईबाप बहुधा ‘पुढे चल’ म्हणतात. उत्तर सरळ आहे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगिजांपासून जिंकून घेतला. त्या विजयाची स्मृती म्हणून तेथील प्रार्थनामंदिरांच्या घंटा महाराष्ट्रातील अनेक देवळांत आल्या. भीमाशंकरास अशी एक आहे, नाशकास गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळातील घंटा तर प्रसिद्धच आहे, आणि ही बनेश्वराची तिसरी. ज्या १६८३ सालचा सन या घंटेवर आहे, त्याच सालच्या अखेरीस संभाजी महाराज गोव्याच्या भूमीवर पोर्तुगिजांशी झुंजत होते. घंटा ओतणाऱ्याच्या कानी ती वार्ता पोचली असेल काय, हा विचार आमच्या मनात आल्यावाचून राहिला नाही.

घंटेचा नाद गोड आहे. नुसत्या तांब्याची घंटा ओतली तर ती वाजत नाही, धपधपते. तांब्याच्या सुमारे चार भागांस कथलाचा एक भाग मिळविला म्हणजे कांसे होते आणि त्यास कंठ फुटतो. आम्ही हे अण्णांस सांगत असतानाच गाभाऱ्यात अभिषेक चालू होता व नमक संपून चमकास आरंभ झाला होता. चमकाच्या अनुवाकांत यजमान देवाजवळ नाना वस्तू मागतो, त्यांत धातूही आहेत. आणि शिसे व कथील, म्हणजे सीस व त्रपु, हे तेथे एकमेकांस लागून येतात. लक्षावधी मुखांतून हे दोन शब्द रोज जोडीने उच्चारले जातात. ते दोघे खरोखरच एकत्र वितळले असता काय होते, हे आम्हांस दुसऱ्या दिवशी अण्णांच्या मागील पडवीत पाहावयास मिळाले.

या पडवीत पूर्वी गाईंची दावण होती. आता तेथे एक लांब टेबल, त्यावर वाकडी मान करून प्रकाश टाकणारा दिवा, तारांची रिळे, चिमटे, जाड भिंग, आणि भिंतीवर खुंट्यांना टांगलेल्या पाच-सहा गिटारी. हा अण्णांच्या नातवाचा संसार. आईबाप नोकरीनिमित्त परराज्यात. मुलगा पुण्यास अभियांत्रिकी महाविद्यालयात तीन वर्षे शिकला आणि अखेरचे एक वर्ष उरले असता पुस्तके बांधून नसरापुरास आला. पुण्यातील वादक मंडळी आपली नादुरुस्त वाद्ये त्याजकडे धाडतात. विजेच्या गिटारीची दुरुस्ती हा आपला धंदा, असे तो सांगतो. अण्णांनी त्यावर काही भाषण केले नाही. मात्र चार महिन्यांत ते त्या पडवीत एकदाही गेले नाहीत. जेवताना आजोबा नातवास ‘मीठ दे’ म्हणत आणि नातू मीठ देई, एवढाच त्यांचा संवाद आमच्या कानी पडला. या घरात आम्हांस चार शब्द सांगावयाचे होते.

आधी काम पाहावे व मग बोलावे, म्हणून मंगळवारी सकाळी आम्ही पडवीत जाऊन एक स्टूल ओढून बसलो. मुलाने आदराने जागा करून दिली आणि आपले काम चालू ठेवले. आम्हांस त्याची ही गोष्ट आवडली. पाहुणा आला म्हणून हातातले काम टाकणारा कारागीर आम्हांस नेहमीच संशयास्पद वाटतो.

ज्या वाचकांच्या घरी सतार वा तंबोरा आहे, त्यांस भोपळ्याचे महत्त्व सांगावयास नको. तार छेडली जाते, घोडीवाटे कंप तबलीत उतरतो, आणि भोपळ्यातील हवा त्यास मोठे करते. विजेच्या गिटारीस हे पोटच नाही. ती भरीव लाकडाची फळी. हाताने छेडली तर शेजारच्या खोलीत ऐकू जाणार नाही. तिचा कान आणि कंठ म्हणजे तारांखाली बसविलेली एक छोटी डबी, जिला पिकअप म्हणतात. डबीत लोहचुंबक असतात आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वरची पोलादी तार हलली, की चुंबकाचे क्षेत्र डुलते, आणि त्यासरशी वेढ्यांत विजेचा क्षीण तरंग उठतो. फॅरडेने १८३१ साली जो नियम शोधला, तोच हा. त्यावरून असे वाद्य अमेरिकेत १९३१-३२ च्या सुमारास जॉर्ज बोशाँ व अडॉल्फ रिकेनबॅकर यांनी प्रथम व्यवहारात आणले. पुढे १९५५ साली गिब्सन कारखान्यातील सेथ लव्हर याने दोन वेढे उलटसुलट जोडून अशी युक्ती केली, की घरच्या विजेची घूंऽ अशी जी गुणगुण वाद्यात शिरते, ती दोहोंत परस्परविरुद्ध येऊन नाहीशी व्हावी, आणि तारेचा स्वर मात्र दुणावावा. जुन्या रेडिओची गुणगुण ज्यांनी ऐकली आहे, त्यांस या युक्तीची थोरवी कळेल.

आता त्या वेढ्यांची तार किती बारीक असावी? ०.०६३ मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या केसाएवढी किंवा त्याहूनही सूक्ष्म. चिमटीत धरली तर बोटांस समजत नाही. उजेडात आडवी धरली तरच एक तांबूस रेघ चमकते. तिजवर पारदर्शक लुकणाचा थर असतो, म्हणून एका वेढ्याची वीज शेजारच्या वेढ्यात उतरत नाही.

टेबलावर जी गिटार होती, ती पुण्यातील एका वादकाची. त्याचा त्याच रात्री कार्यक्रम होता व चार वाजता तो ती नेण्यास येणार होता. गिटारीवर दोन पिकअप. एका जागी नवा बसवावयाचा होता, आणि दुसरा जुना, मुका झालेला. पुण्यात दोघातिघांनी त्यास जुना फेकून देण्याचा सल्ला दिला होता. परंतु त्या जुन्याचाच स्वर मालकास प्रिय, म्हणून ते वाद्य नसरापुरास आले होते.

नवा बसविण्याचे काम आधी झाले. त्याच्या शेपटीतून चार रंगांच्या चार बारीक तारा व एक उघडी तार निघते. कोणत्या रंगाची कोठे जोडावयाची, हा संकेत प्रत्येक कारखान्याचा निराळा, म्हणून कागद समोर ठेवावा लागतो. या तारा आवाज कमीअधिक करणाऱ्या गोल खुंटीच्या पायांस डाख देऊन जोडतात. डाख हा शब्द आमच्या पिढीस तांबट-कासारांमुळे परिचित आहे. गळका तांब्या डाख देऊन आणला, असे घरोघर म्हणत. या मुलाच्या हाती मात्र विजेने तापणारी कांडी होती, तिला सोल्डरिंग आयर्न म्हणतात. डाखाची तार म्हणजे कथील व शिसे यांचे मिश्रण, आणि तिच्या पोटात राळ भरलेली. कथील एकटे २३२ अंशांवर वितळते, शिसे ३२७ वर; परंतु कथलाचे ६३ भाग व शिशाचे ३७ भाग एकत्र केले, तर ते दोघे अवघ्या १८३ अंशांवर पाणी होतात. दोघांपैकी कोणासही जे एकट्याने साधत नाही, ते असे! शिवाय या प्रमाणात आणखी एक गुण आहे. इतर प्रमाणांत डाख थिजताना मध्ये चिखलासारखी अवस्था येते आणि त्या वेळी तार लवमात्र हलली तर सांधा आतून फुटका राहतो. ६३ व ३७ चे मिश्रण मात्र द्रवाचे एकदम घन होते. बारीक तारांच्या कामास तेच घ्यावे, असे मुलगा म्हणाला. आम्ही मनात सीस व त्रपु यांचे स्मरण केले.

डाख देताना अडाणी मनुष्य कांडीवर डाख वितळवून तो तारेवर थापतो. असा सांधा वरून दिसतो, पण धरीत नाही. खरी रीत अशी, की कांडीने तार व पाया दोहोंस तापवावे आणि डाखाची तार कांडीस न लावता तापलेल्या पायास लावावी. म्हणजे डाख आपण होऊन उष्णतेकडे धावतो व पाण्यासारखा पसरतो. त्याआधी कांडीच्या टोकास आणि तारेच्या टोकास डाखाचा पातळ थर देऊन घ्यावा लागतो. हे पाहताच आम्ही म्हणालो, “अरे, ही तर कल्हई!” मुलगा हसला. त्याने कल्हईवाला कधी पाहिला नव्हता. मग आम्ही त्यास चौकातील भाता, नवसागराचा पांढरा धूर, कापसाच्या बोळ्याने क्षणात रुपेरी होणारे पातेले, हे सर्व सांगितले. आणि कल्हईच्या कथलात शिसे मिसळणे ही लबाडी विषासमान, म्हणून आमच्या मातुःश्री कल्हईवाल्यावर कशी नजर ठेवीत, तेही सांगितले. नवसागर तेथे जे काम करी, तेच येथे राळ करते: धातूवरील गंज खाऊन टाकते, म्हणजे कथलास निर्मळ अंग मिळते.

उष्णतेचे प्रमाण हा सर्वांत नाजूक भाग. खुंटीची पाठ पत्र्याची असते व तिजवर जमिनीची तार जोडावयाची असते. पत्रा उष्णता पिऊन टाकतो, म्हणून तेथे जाड टोक लावून दमाने तापवावे लागते, नाहीतर डाख मोत्यासारखा गोळा होऊन वर बसतो. उलट बारीक तारेवर कांडी दोन-तीन सेकंदांहून अधिक टेकली, तर तिचे रंगीत वेष्टन वितळून मागे सरते. पत्र्यावर हयगय नको आणि तारेवर रेंगाळणे नको. मुलाचा हात दोन्हीकडे सारखाच शांत होता. चांगला सांधा गुळगुळीत व चकचकीत दिसतो, फसलेला मळकट व खरबरीत. त्याने एक सांधा भिंगाखाली पाहून स्वतःच नापसंत केला आणि पुन्हा केला. आम्ही विचारले नसते तर आम्हांस तो बराच वाटला असता.

बारा वाजता आजीबाईंनी जेवणास हाक मारली आणि नातवास आधी हात साबणाने दोनदा धुवावयास लावले. “त्या शिशाच्या हाताने पानावर बसू नकोस,” असे त्या म्हणाल्या. त्यांच्या मते तो सोवळ्याओवळ्याचा प्रश्न होता. रसायनशास्त्राचे म्हणणेही अक्षरशः तेच आहे. शिसे पोटात जाऊ नये म्हणून युरोपात २००६ सालापासून विजेच्या बहुतेक नव्या उपकरणांत शिशाचा डाख वर्ज्य केला आहे.

जेवणानंतर जुन्या पिकअपची पाळी आली. मीटर लावले तर काटा ढिम्म हलेना. म्हणजे वेढ्यांची तार कोठेतरी तुटलेली. मुलगा म्हणाला, “गुरुजी, ही तुटण्याच्या जागा बहुधा दोनच. तार जेथून वेढ्यांत शिरते ते आतले टोक, किंवा जेथून बाहेर येते ते बाहेरचे. आतले तुटले असेल तर उपाय नाही, सात-आठ हजार वेढे उलगडून नव्याने गुंडाळावे लागतील, आणि मग तो स्वर त्याच पिकअपचा राहीलच असे नाही. बाहेरचे असेल तर पाहता येईल.” त्याने वेष्टन सोडविले, भिंग डोळ्यास लावले, आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग सुईच्या अग्राने एक टोक अलगद मोकळे केले. ते अर्ध्या इंचाहून थोडे अधिक असेल. पॉलिश कागदाच्या घडीत धरून त्याने त्यावरील लुकण इतक्या हळुवारपणे घासले, की आमच्याच हातापायांस मुंग्या आल्या. मीटरची सळई त्या टोकास टेकली. आकडा उमटला: सुमारे सात हजार ओहम. आतले सर्व वेढे शाबूत होते.

आता ते टोक पिकअपच्या तळाच्या पितळी छिद्रास डाखावयाचे, एवढेच उरले. मुलाने कांडी उचलली आणि वीज गेली.

श्रावणात खेड्यापाड्यांत वीज जाते, यात नवल नाही. ती केव्हा येईल हे मात्र कोणी सांगत नाही. तीन वाजत आले होते. पाऊस दाटून आला होता आणि पडवीत संधिकाळासारखा अंधार पडला. कांडी निवत चालली. मुलगा क्षणभर तसाच बसला. मग उठून अडगळीतून तांब्याची एक जाड, बोटभर लांब कांब घेऊन आला, तिचे टोक कानशीने घासून अणकुचीदार केले, ती लाकडी मुठीस तारेने बांधली आणि स्वयंपाकघरातील गॅसवर तापत ठेवली. तांबट शेकडो वर्षे याच रीतीने डाख देत आले आहेत, विस्तवात तापविलेल्या तांब्याने. कोणत्या पुस्तकात त्याने ते वाचले की त्यास सुचले, आम्ही विचारले नाही. अडचण एकच राहिली. अशा कांबेची उष्णता फार वेळ टिकत नाही, आणि केसाएवढ्या तारेस ती फार वेळ लावूनही चालत नाही. कारण बारीक तांबे वितळलेल्या कथलात साखरेसारखे विरघळून जाते. एका श्वासात काम झाले पाहिजे, आणि अंधारात टोक तर दिसत नाही. एका हाती कांब, दुसऱ्या हाती चिमटा. उजेड कोणी धरावयाचा? आमचा हात या वयात कापतो, हे आम्ही आधीच सांगून टाकले.

तेव्हा दाराशी अण्णा उभे असलेले दिसले. ते केव्हा आले, कळले नाही. त्यांच्या हाती रात्री गोठ्याकडे जाताना वापरावयाची जुनी मोठी बॅटरी होती. ते उंबरा ओलांडून आत आले, नातवाच्या डाव्या खांद्यापाशी उभे राहिले आणि प्रकाश नेमका त्या छिद्रावर धरला. “आणखी खाली,” मुलगा म्हणाला. प्रकाश खाली आला. “हलवू नका, आजोबा.” प्रकाश हलला नाही. कांब आली, एक बारीक चुर्र असा आवाज झाला, राळेचा धूर उठला, कांब गेली. सारे मिळून एक सेकंदही लागला नसेल. मुलगा फुंकर न घालता थांबला. फुंकर घातली तर सांधा बिघडतो. मग मीटर लावले. आकडा तोच. त्याने मेणाचा एक थेंब टोकावर सोडून ते निश्चल केले आणि तार ताणलेली न ठेवता किंचित ढिली ठेवली, म्हणजे ओढ बसणार नाही.

उरलेले सांधे जाड होते, ते कांब तीन-चारदा तापवून झाले. अण्णा शेवटपर्यंत बॅटरी धरून होते. त्या वेळात त्यांनी दोन प्रश्न विचारले. एक, राळ कशासाठी. दुसरा, या कामाचे किती पैसे घेतोस. दोन्हींची उत्तरे मुलाने सरळ दिली.

आम्हांस त्या वेळी छांदोग्य उपनिषदाचे स्मरण झाले. त्याच्या चौथ्या अध्यायात, यज्ञकर्मात काही न्यून पडले तर ब्रह्मा नावाच्या ऋत्विजाने ते कसे सांधावे, हे सांगताना दृष्टान्त घेतला आहे तो धातुकामाचा: क्षाराने सोने, सोन्याने रुपे, रुप्याने कथील, कथलाने शिसे, शिशाने लोखंड, अशी सांध्यांची परंपराच तेथे दिली आहे. आचार्यांनी भाष्यात तो क्षार म्हणजे टाकणखारासारखा असे सांगितले आहे, आणि सोनार अद्यापि टाकणखारच वापरतात. हा भाग आम्ही पाठशाळेत शिकलो तेव्हा आमच्या शास्त्रीबोवांनी व्याकरण उत्तम सांगितले. पण सोनाराच्या दुकानात कोणास नेले नाही. उपनिषदकारास मात्र कोणता धातू कशाने सांधतो याची खडान्‌खडा माहिती होती, आणि ती ज्ञानकांडात घालण्यात त्यास काही कमीपणा वाटला नव्हता. आमच्या घरांतून खडू धरणाऱ्या हाताचा गौरव होतो आणि कानस धरणाऱ्या हाताची कीव. ही चाल त्या काळची नव्हे, बरीच अलीकडची आहे.

चार वाजता मालक आला. विद्युत्घटावर चालणाऱ्या लहानशा ध्वनिवर्धकास त्याने गिटार जोडली, जुना पिकअप निवडला आणि एक तार छेडली. आम्हांस पाश्चात्त्य संगीतातले काही कळत नाही. पण त्या तरुणाचा चेहरा पाहून जे कळावयाचे ते कळले. तो पैसे मोजून देऊन पावसातच निघून गेला. वीज पाच वाजता आली.

रात्री ओसरीवर मुलास जवळ बसवून आम्ही बोललो, कारण त्यासाठीच बोलावणे होते. आम्ही त्यास हे काम सोड असे म्हणालो नाही. हिशेबाची वही आहे काय, ते विचारले. त्याने आणून दाखविली, आणि ती स्वच्छ होती. मग राहिलेल्या एका वर्षाची गोष्ट काढली. तीन वर्षे शिकून चौथे सोडणे म्हणजे सात हजार वेढे गुंडाळून शेवटचे टोक मोकळे ठेवणे आहे, असे आम्ही त्याच्याच भाषेत म्हटले. पदवीचा कागद पेटीत पडून राहिला तरी खाऊन जात नाही, आणि उद्या स्वतःचे पिकअप बनवावेसे वाटले तर चुंबकशास्त्र ज्या पुस्तकांत आहे ती पुस्तके त्याच चौथ्या वर्षात आहेत. तो बराच वेळ गप्प राहिला. “नोकरी करणार नाही, गुरुजी,” तो म्हणाला, “परीक्षेचे पाहतो.” याहून अधिक आम्ही ताणले नाही. अण्णा झोपाळ्यावर बसून सुपारी कातरीत होते, ते त्यावर काही बोलले नाहीत.

बुधवारी सकाळी आम्ही पुण्यास परत निघालो, तेव्हा निवृत्तिवेतनाच्या काही कागदांसाठी अण्णाही आमच्याबरोबर निघाले. कचेरीतील काम दुपारपर्यंत आटोपले. आम्ही घराकडे वळणार, तोच ते म्हणाले, “मास्तर, बुधवार पेठेतून जाऊ.” तपकीर गल्लीत विजेच्या सामानाची दुकाने ओळीने आहेत. एका दुकानासमोर थांबून त्यांनी चष्मा लावला, खिशातून चिठ्ठी काढली आणि ६३ व ३७ च्या डाखाचे एक रीळ मागितले. दुकानदाराने विचारले, “जाडी कोणती? ०.८ की ०.५?”

“०.५,” अण्णा चिठ्ठीकडे न पाहता म्हणाले. “काम बारीक तारेचे आहे.”